गोरज मुहूर्त आणि फ्लॅश : या चुका टाळा

गोरज मुहूर्ताचं लग्न उघड्या लॉनवर आहे म्हटलं की आजही माझ्या पोटात गोळा येतो. मंगलाष्टकं सुरू होताना आकाशात बऱ्यापैकी उजेड असतो, शेवटचं 'सावधान' होईपर्यंत तो दोन-तीन स्टॉप उतरलेला असतो (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा किंवा दुप्पट).

अशा पहिल्या लग्नात मी एव्ही मोडवर होतो, म्हणजे ॲपर्चर (लेन्सचं भोक किती मोठं) मी ठरवणार आणि शटर (किती वेळ उघडं) कॅमेरा. ॲपर्चर एफ/४, फ्लॅश टीटीएलवर, म्हणजे त्याचा जोर कॅमेरा आपोआप ठरवणार. स्क्रीनवर चेहरे उजळ दिसत होते, म्हणून शटरच्या आकड्याकडे बघितलंच नाही. घरी फोटो मोठे केले तर अंतरपाट दूर झाला त्या क्षणी शटर १/८ सेकंद! नवरीचा चेहरा शार्प, पण मुंडावळ्यांशेजारी मुंडावळ्यांचीच दुसरी पुसट माळ. अक्षतांचा दाणा वर टिपलेला आणि त्याची शेपटी खाली, म्हणजे तांदूळ जमिनीतून वर उडतायत असं वाटावं. फ्लॅश शटर उघडताच पेटला, दाणे नंतर खाली आले, त्यांचा माग उरलेल्या उजेडाने रेखला. रिअर कर्टन (फ्लॅश शटर बंद होण्याच्या जरा आधी पेटतो) लावलं असतं तर शेपटी निदान वरच्या बाजूला गेली असती.

फ्लॅशच्या फोटोत दोन एक्स्पोजर एकावर एक बसतात, एक फ्लॅशचं आणि एक आजूबाजूच्या उजेडाचं. फ्लॅशचा झोत बहुधा १/१००० सेकंदापेक्षाही कमी टिकतो, त्यामुळे सिंक स्पीडपर्यंत (साध्या फ्लॅशबरोबर चालणारं सगळ्यात वेगवान शटर) कितीही ठेवा, फ्लॅशला फरक पडत नाही. शटरने फक्त आजूबाजूचा उजेड कमी-जास्त होतो. ॲपर्चर आणि आयएसओने (सेन्सरची संवेदनशीलता) दोन्ही. म्हणून कुठल्याही मोडवर जाताना एकच विचारायचं : इथे शटर कोणाच्या हातात आहे?

एव्हीवर ते कॅमेऱ्याच्या हातात. कॅननमध्ये मेनूत बदल केला नसेल तर कॅमेरा बॅकग्राउंडसाठी शटर वाटेल तितकं खाली नेतो. तिथे १/२००–१/६० हा पर्याय निवडून टाका. निकॉनच्या 'ए'मध्ये (एव्हीचंच तिथलं नाव) स्लो सिंक, म्हणजे फ्लॅशबरोबर संथ शटर, लावलं नसेल तर शटर सहसा १/६०च्या खाली जात नाही. म्हणून निकॉनवाल्यांची रड उलटी : चेहरा लख्ख, मागे काळोख. 'पी'वरही, म्हणजे शटर-ॲपर्चर दोन्ही कॅमेरा ठरवतो त्या मोडवर, असंच होतं. तिथे हुशारी कॅमेऱ्याची, बिल आपल्या नावावर.

टीव्ही मोडवर (शटर आपण ठरवतो, ॲपर्चर कॅमेरा) १/१२५ धरून बसलात आणि ॲपर्चरचा आकडा लुकलुकायला लागला, तर लेन्स पूर्ण उघडली आहे आणि तरी उजेड कमी पडतोय. आता आयएसओ वाढवा.

भर उन्हातल्या हळदीला उलटा प्रकार. आयएसओ १०० ला एफ/२.८ हवं, पण सिंक स्पीड १/२००. कडक उन्हात हे जवळपास चार स्टॉप जास्त होतं, सगळं पांढरं फटक. एफ/११ला या, नाहीतर हाय-स्पीड सिंक लावा, म्हणजे सिंक स्पीडपेक्षा वेगवान शटरलाही फ्लॅश चालतो. मात्र त्यात फ्लॅशचा जोर बराच घटतो, माणसाच्या जवळ जावं लागतं.

'एम'ला, म्हणजे मॅन्युअल मोडला, लोक उगाच घाबरतात. कॅमेरा मॅन्युअल केला म्हणून फ्लॅश मॅन्युअल होत नाही, टीटीएल आपलं काम करत राहतं. गोरजाला मी आता १/१००, एफ/४ ठेवतो, बॅकग्राउंड साधारण एक स्टॉप अंडर, आणि उजेड उतरेल तसा फक्त आयएसओ चढवतो. ऑटो आयएसओ बंद! तो चालू असला की बॅकग्राउंड पुन्हा कॅमेऱ्याच्या मर्जीवर.

दुसऱ्या कंपनीचा कॅमेरा वापरणाऱ्या मित्राचा सल्ला जसाच्या तसा उचलू नका. कॅननवर साधं एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (फोटो उजळ-गडद करायचं +/- बटण) फ्लॅशला हात लावत नाही. निकॉनवर मुळात ते फ्लॅशलाही लागू होतं. बऱ्याच बॉडींत मेनूतून ते फक्त बॅकग्राउंडपुरतं ठेवता येतं.

शेवटी रंग. मांडवाच्या गुलाबी कापडावर फ्लॅश बाउन्स केलात, म्हणजे झोत तिथून परावर्तित केलात, तर नवऱ्याच्या गालांवर रूज लावल्यासारखं दिसतं, आणि ते काढायला गेलं की मागचं सगळं हिरवट होतं. तिथे फ्लॅशवर पांढरं कार्ड लावून सरळ मारलेलं बरं. हॅलोजन असतील तर फ्लॅशवर नारिंगी जेल (रंगीत पारदर्शक कागद) चढवा, व्हाइट बॅलन्स (रंगांची सेटिंग) टंगस्टनवर, म्हणजे पिवळ्या बल्बच्या उजेडावर, टाका. चेहरे नैसर्गिक येतात आणि मागचं गोरजाचं आकाश गर्द निळं.