चौथीचा दाखला हातात पडला की आधी हे वाचा

१ मेला निकाल लागतो, प्रगतिपुस्तक मिळतं आणि चौथीपर्यंतच असलेल्या शाळेतली मुलं पाचवीसाठी दुसरीकडे जातात. मग शाळा सोडल्याचा दाखला काढायला गर्दी होते. दाखला घडी घालून पिशवीत टाकू नका, तिथेच टेबलापाशी उभं राहून वाचा.

मुलाचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव जन्मदाखल्याशी आणि आधारशी अक्षर न् अक्षर ताडून बघा. ‘सुनील’चं ‘सुनिल’ झालेलं असतंच! आईचं नावही बघा. जन्मतारीख आकड्यांत एक आणि अक्षरांत भलतीच, असंही होतं. जन्मस्थळासोबत तालुका-जिल्हा हवा. जातीचा रकाना तर दोनदा वाचा, कारण पुढे जात पडताळणीत प्राथमिक शाळेचीच नोंद मागतात.

चूक दिसली तर नुसत्या दाखल्यावर खाडाखोड करून घेऊ नका. मूळ नोंद शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये, म्हणजे प्रवेशाच्या नोंदवहीत असते, दुरुस्ती तिथे व्हायला हवी. मूल पटावर असतानाच अर्ज दिलेला बरा, शाळा सोडल्यावर हे काम फार किचकट होतं. म्हणून खरं तर मार्च-एप्रिलमध्येच मुख्याध्यापकांना गाठून रजिस्टरमधली नोंद बघून घ्यावी. त्याच फेरीत ‘सरल’ या शिक्षण विभागाच्या ऑनलाइन नोंदणीतला स्टुडंट आयडी लिहून घ्या, नवी शाळा तो हमखास विचारते.

दाखल्याच्या दोन-तीन झेरॉक्स आणि मोबाइलमध्ये एक स्वच्छ फोटो ठेवा. आणि दाखल्याला उशीर झाला म्हणून सरकारी किंवा अनुदानित शाळा प्रवेश अडवू शकत नाही. २००९च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम ५ मध्ये तसं स्पष्ट आहे.