घाटात पेट्रोल गाडी झटके देतेय? आधी कॉइल तपासा
मांजरसुंब्याच्या घाटात गाडीने झटके दिले आणि इंजिनचा दिवा लुकलुकला, की आपण लगेच पेट्रोलवर संशय घेतो. आधी इग्निशन, म्हणजे पेट्रोल पेटवणारी ठिणगीची यंत्रणा, बघा. बॅटरीच्या १२ व्होल्टवर प्लगमध्ये ठिणगी पडत नाही. कॉइल ते २०-३० हजार व्होल्टपर्यंत चढवते. चढाला सिलिंडरमधला दाब वाढतो, ठिणगीला जास्त व्होल्टेज लागतं. म्हणूनच कमजोर झालेली कॉइल सपाट रस्त्यावर निभावून नेते आणि घाटात उघडी पडते.

प्रत्येक प्लगवर वेगळी कॉइल असेल तर इंजिन बंद करून, पूर्ण थंड झाल्यावर संशयित कॉइल शेजारच्या सिलिंडरवर बसवा. गाडीला जोडायच्या स्कॅनरवर पहिल्या सिलिंडरचा कोड पी०३०१ जाऊन दुसऱ्याचा पी०३०२ आला, म्हणजे मिसफायर (सिलिंडरमध्ये पेट्रोल नीट न पेटणं) कॉइलबरोबर सरकला, तर कॉइलच गेली. तिथेच राहिला तर प्लग काढा, पण त्याआधी खाचेतला फुफाटा हवेने उडवा. आपल्याकडे उन्हाळ्यात तो फार साचतो आणि थेट सिलिंडरमध्ये पडतो. प्लगच्या टोकाला ओलसर काळं तेल दिसलं तर नुसता प्लग बदलून भागणार नाही, मेकॅनिकला दाखवा.

दिवा लुकलुकत असताना गाडी दामटू नका. न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरकडचा धूर स्वच्छ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन पेटतं, आणि तो भाग कॉइलपेक्षा कितीतरी महाग आहे.