साथ आली की फुटपाथवरच्या लोकांसाठी काय करायचं

आधी एक गोष्ट क्लिअर करून घेऊ. साथ आली की बेघर लोकांना गाडीत भरायचं आणि कुठल्यातरी मोठ्या हॉलमध्ये नेऊन ठेवायचं, हा जो पहिला विचार सगळ्यांच्या डोक्यात येतो ना, तो शक्यतो करू नका. एप्रिल २०२० मध्ये अमेरिकेत बोस्टनच्या एका शेल्टरमध्ये सरसकट सगळ्यांची कोविडची टेस्ट केली तर ४०८ पैकी १४७ जण पॉझिटिव्ह निघाले आणि त्यातल्या बहुतेकांना ना ताप ना खोकला. म्हणजे लक्षणं बघून वेगळं काढायचं म्हटलं तरी जमलं नसतं. उघड्यावर झोपणाऱ्याला बाकी हजार त्रास असतात पण निदान हवा तरी खेळती असते. त्यामुळे जो जिथे आहे तिथेच त्याची सोय करता येते का ते आधी बघायचं, आत न्यायचं ते फक्त ज्याला खरंच गरज आहे त्याला.

सुरुवात पाण्यापासून करा, जेवणापासून नाही. जेवण वाटायला लोक पुढे येतातच, पाणी मात्र कुणाच्या डोक्यात नसतं. फुटपाथवरचा माणूस पाणी कुठून आणतो तर स्टेशनवरून, हॉटेलवाल्याकडून, देवळातून, आणि २०२० च्या मार्चमध्ये हे सगळं एका रात्रीत बंद झालं. मग हात धुवा हात धुवा सांगून काय उपयोग? तोटी लावलेला ड्रम फ्लायओव्हरखाली किंवा नाक्यावर ठेवा, तो रोज भरायची जबाबदारी जवळच्या एका सोसायटीच्या वॉचमनशी किंवा दुकानदाराशी बोलून ठरवा, साबणाची वडी नायलॉनच्या जाळीत टाकून ड्रमलाच बांधा म्हणजे हरवत नाही. आणि सार्वजनिक संडास. तिथे पैसे लागतात, काम बंद असताना ते आणायचे कुठून, म्हणून वॉर्ड ऑफिसला लेखी अर्ज द्या की साथ असेपर्यंत इथे फ्री करा आणि रात्रीही उघडं ठेवा. रात्रीचं मुद्दाम सांगतेय कारण बायकांची खरी अडचण तेव्हाच असते.

सॅनिटायझरच्या बाटल्या वाटू नका प्लीज. दारूची दुकानं बंद असली की काही लोक ते पितात, एप्रिल २०२१ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात वणीला सॅनिटायझर पिऊन माणसं मेलीयेत. साबण द्या, स्वस्त आहे आणि कामही तेवढंच करतो.

दारूवरून आठवलं, हे फार कमी लोक बोलतात. रोज पिणाऱ्याची दारू अचानक तुटली की पहिल्या दिवसापासूनच हात थरथरायला लागतात, मग एकदोन दिवसात फिट येऊ शकते, त्यानंतर भास होणं, बडबडणं, ताप. लोकांना वाटतं नाटक करतोय किंवा वेडा झालाय आणि हाकलून देतात, पण यात जीव जाऊ शकतो, सरळ १०८ ला फोन लावायचा आणि हॉस्पिटलमध्ये सांगताना "दारू तुटलीये" हे स्पष्ट सांगायचं. टीबीच्या गोळ्या चालू असतील त्यांचंही तसंच, कोर्स महिनोन्महिने असतो आणि मधेच तुटला तर फार वाईट, म्हणून सेंटरमध्ये बोलून जास्त दिवसांच्या गोळ्या एकदम मिळतात का बघा.

जेवणाबद्दल थोडक्यात. टेम्पो लावून रांग लावू नका, रांगेतच साथ पसरते, आणि ज्याला चालता येत नाही तो उपाशीच राहतो. गल्ल्या वाटून घ्या, रोज त्याच माणसाने त्याच गल्लीत त्याच वेळेला जायचं. म्हाताऱ्यांना दात नसतात, कोरडी चपाती देऊन फायदा नाही, खिचडी द्या, पण एप्रिल-मेच्या उन्हात पाकीट दुपारपर्यंत आंबतं म्हणून सकाळचं बनवलेलं सकाळीच वाटा. सरकारी योजना काय आहे तेही बघून ठेवा, शिवभोजन थाळी जानेवारी २०२० ला १० रुपयांत सुरू झाली, लॉकडाऊनमध्ये ५ रुपये केली आणि एप्रिल २०२१ पासून काही महिने फुकट होती, पण फुटपाथवरच्या माणसाला हे कुणी जाऊन सांगितलं तरच कळणार ना.

आता बोलायचं कसं. मुंबईत भीक मागण्याविरुद्धचा १९५९ चा कायदा आहे, त्याखाली पकडून चेंबूरच्या भिक्षेकरी गृहात नेतात, त्यामुळे मास्क लावलेली चार अनोळखी माणसं फॉर्म घेऊन आली की आधी वाटतं "गाडी आली" आणि लोक गायब होतात. पहिल्या दिवशी वही काढूच नका. काका, मावशी, आजी म्हणून बसा, चहा पाजा, त्यांच्यातलाच एक जण धरा, तिथे सगळ्यांना ओळखणारा कुणीतरी असतोच, कोण खोकतंय, कोण कालपासून उठलं नाही हे तोच तुम्हाला सांगणार.

ऑक्सिमीटर जवळ ठेवा पण बोट आधी धुवून, चोळून गरम करा, काम करून घट्टे पडलेली, मळलेली, गार बोटं असली की आकडा चुकतो. ९४ च्या खाली दाखवत असेल किंवा बोलताना दम लागत असेल तर थांबू नका, सरळ हॉस्पिटलमध्ये न्या. आणि परळला टाटा हॉस्पिटलच्या बाहेर फुटपाथवर जे राहतात ते पेशंट आणि त्यांचे नातेवाईक असतात, गावाहून ट्रीटमेंटला आलेले. किमो चालू असलेल्या माणसाची प्रतिकारशक्ती अगदी कमी झालेली असते, त्यांच्यासाठी खोली शोधायची असेल तर सगळ्यात आधी शोधा.

आत न्यायचंच असेल (वयस्कर, शुगरवाले, गरोदर बाई, पॉझिटिव्ह निघालेला) तर महापालिकेच्या शाळेचे वर्ग मागा, एका वर्गात मोजकीच माणसं, खिडक्या उघड्या, अंथरुणं सहा फुटांवर आणि एकाचं डोकं जिकडे तिकडे दुसऱ्याचे पाय. शहरी बेघरांच्या निवाऱ्याच्या केंद्राच्या योजनेत नियमच होता की एक लाख लोकसंख्येमागे १०० जणांचा एक निवारा आणि माणशी ५० चौरस फूट, वॉर्ड ऑफिसात हेच आकडे पुढे ठेवायचे. नवरा-बायकोला वेगळं करू नका, भंगाराची हातगाडी, बोचकं आणि कुत्रा यांची सोय विचारा. नाही म्हणणारे बरेच जण याच कारणाने नाही म्हणतात, आजाराची भीती नसते असं नाही, पण गाडी गेली तर उद्या खायचं काय.

लसीचं सांगायचं तर आधार नाही म्हणून कुणी परत पाठवलं तर ऐकून घेऊ नका. मे २०२१ मध्ये केंद्राने ओळखपत्र नसलेल्यांच्या लसीकरणासाठी नियम काढले होते, त्यात रस्त्यावर भीक मागणाऱ्यांचा उल्लेख आहे आणि अशा लोकांना एकत्र आणून द्यायला ओळखपत्र असलेला एक समन्वयक नेमायची सोय आहे. पुढच्या साथीतही हाच दाखला द्या. खरी डोकेदुखी दुसरा डोस, कोव्हिशील्डला तेव्हा १२ ते १६ आठवडे थांबायचं होतं आणि तोपर्यंत पोलिसांनी उठवलेला माणूस दोन स्टेशनं पुढे गेलेला असतो. म्हणून सर्टिफिकेटची प्रिंट प्लास्टिकच्या पाकिटात घालून दोरी लावून गळ्यात द्या, आणि तुमच्या वहीत नावापुढे झोपायची जागा, चहा कुठल्या टपरीवर पितो आणि जवळचा माणूस कोण एवढं लिहून ठेवा, मोबाईल नंबरवर राहू नका, तो फोन एकतर विकलेला असतो किंवा चोरीला गेलेला.