गॅलरीतली काटकुळी रोपे डेरेदार कशी करावीत

मुंबईतल्या इमारतींच्या ग्रीलमध्ये वाढणारी तुळस, जास्वंद किंवा मिरची काही महिन्यांत बहुधा एकाच वळणावर जाते: खालचे अर्धे खोड उघडे, दोन पेरांमधले अंतर वाढलेले आणि उरलेली सगळी पाने उजेडासाठी ग्रीलबाहेर झुकलेली. शेंडा खुडला की रोप फुटते, हे बहुतेकांना ठाऊक असते. पण तो केव्हा आणि नेमका कुठे खुडावा, आणि नंतर फुटणाऱ्या फांद्यांना वळण कसे द्यावे, याचा विचार फारसा होत नाही, आणि मग एका काटकुळ्या खोडाच्या जागी दोन काटकुळ्या फांद्या तेवढ्या मिळतात.

म्हणून कात्री घेण्याआधी उजेड पाहावा. पेरे लांबण्याचे पहिले कारण उजेडाची टंचाई हे असते आणि ती दूर केल्याशिवाय केलेली छाटणी म्हणजे आधीच उपाशी असलेल्या रोपाची उरलीसुरली पाने काढून घेणे होय. मुंबई साधारण १९ अंश उत्तर अक्षांशावर असल्यामुळे मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत दुपारचा सूर्य किंचित उत्तरेकडे असतो आणि एरवी दक्षिणेकडे. परिणामी दक्षिणेच्या गॅलरीत डिसेंबरमध्ये ऊन आतपर्यंत पोहोचते, तर उत्तरेच्या गॅलरीला ते मुख्यतः उन्हाळ्यात मिळते आणि पुढे पावसाळी ढग त्यातलेही बरेचसे अडवतात. कुंड्यांच्या जागा ऋतूप्रमाणे बदलाव्यात, दर आठवड्याला कुंडी थोडी फिरवावी आणि उजेड कमी असताना नत्रयुक्त खताचा मारा करू नये, कारण त्याने रोप सशक्त न होता नुसते लांबते.

शेंडा खुडल्याने रोप का फुटते, हे समजले की कुठे खुडावे हेही आपोआप कळते. वाढत्या शेंड्यात तयार होणारे ऑक्झिन हे संप्रेरक खोडातून खाली उतरते आणि त्याच्या प्रभावामुळे पानांच्या बगलेतले डोळे, म्हणजे नव्या फांद्यांचे कोंब, सुप्त राहतात. शेंडा गेला की ही आडकाठी सरते आणि त्याच्याकडे जाणारे अन्नही या डोळ्यांना मिळू लागते. हरभऱ्याचे कोवळे शेंडे खुडून त्यांची भाजी करणारा शेतकरी हेच साधत असतो, आणि झेंडू व शेवंतीचे शेंडेही अधिक फांद्या व अधिक फुले मिळावीत म्हणूनच खुडले जातात.

तुळशीपासून सुरुवात करणे सर्वांत सोपे, कारण तिची पाने समोरासमोर जोडीने येतात आणि प्रत्येक पानाच्या बगलेत एक डोळा असतो. रोपाला पाच-सहा जोड्या आल्या की खालच्या तीन-चार जोड्या ठेवून त्यांच्या वरचा भाग काढावा. काप पानांच्या जोडीच्या अर्धा सेंटिमीटर वर घ्यावा. फार वर घेतल्यास उरलेला खुंट वाळून कुजतो आणि फार जवळ घेतल्यास डोळ्याला इजा होते. शेंडा कोवळा असेल तर नखाने खुडला तरी चालतो. खोड तपकिरी झाले असेल तर स्पिरिटने पुसलेली धारदार कात्रीच वापरावी. बगलेतून निघालेल्या दोन फांद्यांना प्रत्येकी तीन-चार जोड्या आल्या की त्यांचेही शेंडे याच पद्धतीने खुडावेत. मंजिऱ्या दिसताच काढाव्यात, कारण बी धरू लागलेल्या तुळशीची पानांची वाढ मंदावते. रविवारी किंवा द्वादशीला तुळस न तोडण्याची रीत घरात पाळली जात असेल, तर एक दिवस थांबल्याने रोपाचे काहीही बिघडत नाही.

जास्वंद आणि मिरची यांची पाने एकाआड एक असतात, त्यामुळे कापाच्या लगेच खालचा डोळा पुढारी होतो आणि त्याच्या दिशेने फांदी जाते. तो डोळा बाहेरच्या बाजूला तोंड करून असावा, एवढे पाहिले तरी झाडाचा मध्य मोकळा राहतो आणि हवा खेळते. मिरचीचा शेंडा ती लहान असतानाच खुडावा. ती पहिल्या कळीपाशी स्वतःच दुभागते, त्यामुळे कळ्या आल्यावर खुडण्यात अर्थ नसतो, आणि खुडलेल्या झाडाला फळ थोडे उशिरा लागते हेही गृहीत धरावे. जास्वंद आणि मोगरा नव्या फुटीवर फुलतात. मोगऱ्याची छाटणी थंडी सरता सरता करावी, म्हणजे उन्हाळ्याच्या बहराला नवी फूट तयार असते. कोणत्याही झाडाचा एका वेळी एक तृतीयांशापेक्षा अधिक भाग काढू नये.

माझ्या मते खुडण्यापेक्षाही गुणकारी, आणि तरीही दुर्लक्षित, उपाय म्हणजे फांद्या वाकवून बांधणे. फांदी आडवी झाली की तिच्या टोकाचे वर्चस्व कमी होते आणि तिच्यावरचे अनेक डोळे एकदम जागे होतात. शिवाय एकही पान गमवावे लागत नाही. हे काम पाणी घालण्यापूर्वी करावे, कारण पाण्याने तट्ट भरलेली फांदी चटकन मोडते. कुंडीच्या काठाला भोके पाडून त्यांत सुतळी ओवावी आणि जुन्या सुती साडीची बोटभर रुंद पट्टी फांदीभोवती सैल गुंडाळून त्या सुतळीला बांधावी. नुसती सुतळी कोवळ्या सालीत रुतते. तारेचे तर नावच नको. एका हाताने फांदीचा बुडखा धरून दुसऱ्या हाताने ती हळूहळू खाली घ्यावी, जिथे विरोध जाणवेल तिथे थांबावे, आणि उरलेला वाक चार-पाच दिवसांनी द्यावा. फांदी चिरलीच, पण पूर्ण तुटली नाही, तर चीर जुळवून चिकटपट्टी गुंडाळावी. बरेचदा ती सांधते. बांधलेल्या पट्ट्या महिन्याभरात सोडून पाहाव्यात, फांदी जागेवर राहिली तर काढून टाकाव्यात.

संततधार पावसात खुडू नये, कारण ओल्या कापावर बुरशी लवकर धरते. दोन कोरडे दिवस मिळाले की सकाळी काम उरकावे. छाटणीनंतरच्या लुसलुशीत फुटीवर मावा आणि पिठ्या ढेकूण हटकून येतात, विशेषतः जास्वंदीवर, म्हणून पानांची खालची बाजू नियमित पाहावी. अरेका पामच्या वाटेला मात्र जाऊ नये: त्याच्या प्रत्येक खोडाला एकच वाढबिंदू असतो आणि तो कापला की ते खोड मरते.

तुळशीचे आणि जास्वंदीचे काढलेले शेंडे फेकू नयेत. खालची पाने काढून, कळ्या असल्यास त्याही खुडून, ते ओलसर मातीत सावलीत खोचले तर पावसाळी हवेत त्यांना सहज मुळे फुटतात.