डेस्कटॉप प्रोग्राम ग्राहकाच्या संगणकावर बसवताना डॉटनेटच्या आवृत्त्यांचा घोळ कसा सोडवावा

नाशिकमध्ये डेस्कटॉप प्रोग्राम लिहून देणाऱ्याचे ग्राहक एका साच्यातले नसतात. अंबडच्या कारखान्यात विंडोज ११ चा कोरा संगणक असतो, तर लासलगावला कांदा व्यापाऱ्याच्या खळ्यावर वजनकाट्याशेजारी विंडोज ७ चा ३२-बिट संगणक असतो, त्याला इंटरनेट नसते आणि काटा नीट वजन दाखवतो आहे तोवर संगणक बदलण्याचा मालकाचा विचारही नसतो. एकच प्रोग्राम दोन्हीकडे चालावा ही अपेक्षा रास्त आहे आणि ती पूर्ण करता येते. हे प्रोग्राम डॉटनेट या मायक्रोसॉफ्टच्या पायाभूत सॉफ्टवेअरवर चालतात. मात्र "नवीन डॉटनेट टाका, म्हणजे चालेल" हा जो सल्ला सर्रास दिला जातो, तो बहुतेक वेळा चुकीच्या आजारावरचा असतो. विंडोज फॉर्म्स किंवा डब्ल्यूपीएफमध्ये (डॉटनेटवर खिडक्या-बटणांचे प्रोग्राम लिहिण्याच्या दोन पद्धती) लिहिलेला प्रोग्राम स्वतःच्या संगणकावर चालतो आणि ग्राहकाकडे उघडतही नाही, अशा वेळी कोणत्या क्रमाने काय पाहावे, ते पुढे दिले आहे. व्हिज्युअल स्टुडिओ वापरता येतो हे गृहीत धरले आहे.

१. टार्गेट आवृत्ती ग्राहकाचा संगणक पाहून ठरवावी

नवे प्रोजेक्ट सुरू करताना व्हिज्युअल स्टुडिओ जी टार्गेट आवृत्ती (डॉटनेटच्या ज्या आवृत्तीसाठी प्रोग्राम बिल्ड होतो ती) पुढे करतो ती स्वीकारू नये. आपल्या ग्राहकांपैकी सर्वांत जुना संगणक कोणता, हे विचारून मगच ठरवावे. विंडोज एक्सपीवर डॉटनेट फ्रेमवर्क ४.० च्या पुढे जाता येत नाही, व्हिस्टावर ४.६ च्या पुढे जाता येत नाही, आणि सर्व्हिस पॅक १ असलेल्या विंडोज ७ वर ४.८ पर्यंत जाता येते, ४.८.१ मात्र तेथे बसत नाही. विंडोज १० च्या १८०३ या आवृत्तीपासून ४.७.२ आणि १९०३ पासून ४.८ विंडोजबरोबरच येते, त्यामुळे तेथे वेगळे काही बसवावे लागत नाही.

माझे मत स्पष्ट आहे: विंडोज ७ चे ग्राहक असतील तर ४.७.२ टार्गेट करावे, त्याहून खाली जाऊ नये. डॉटनेट स्टँडर्ड २.० (डॉटनेटच्या वेगवेगळ्या प्रकारांसाठीचा सामाईक नमुना) साठी लिहिलेल्या लायब्ररी ४.६.१ वर चालतात असे कागदोपत्री म्हटलेले असले, तरी ४.६.१ वर त्या वापरल्या की प्रोग्रामच्या फोल्डरमध्ये 'सिस्टम'ने सुरू होणाऱ्या डीएलएलचा (प्रोग्रामला लागणाऱ्या कोडच्या वेगळ्या फाइल्सचा) ढीग येऊन पडतो आणि पाचव्या पायरीतली डोकेदुखी दुप्पट होते. ४.७.२ मध्ये हे भाग फ्रेमवर्कच्या आतच आहेत. एक्सपीचा ग्राहक असेल, तर त्याच्यासाठी जुना प्रोग्राम तसाच ठेवावा. एका ग्राहकाकरिता सर्वांना ४.० वर अडकवून ठेवण्यात अर्थ नाही.

टार्गेट केलेली आवृत्ती आणि संगणकावर बसवलेली आवृत्ती या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हेही येथेच लक्षात घ्यावे. प्रोग्राम ४.५ साठी बिल्ड केलेला असेल, तर संगणकावर ४.८ असूनही अनेक बाबतींत तो ४.५ सारखाच वागतो, कारण जुने प्रोग्राम मोडू नयेत म्हणून फ्रेमवर्कमध्ये तशी सोय ठेवलेली आहे. याचा सर्वांत ठळक फटका ई-वे बिल किंवा ई-इनव्हॉइस पाठवणाऱ्या प्रोग्रामला बसतो: ४.५ टार्गेट असलेला प्रोग्राम टीएलएस १.२ ही सुरक्षित जोडणीची पद्धत आपणहून वापरत नाही, सर्व्हर त्याला दारातच अडवतो आणि ग्राहकाला वाटते की इंटरनेट बंद आहे. तेथे ग्राहकाकडे नवीन डॉटनेट बसवून काही होत नाही. आपला प्रोग्राम नव्या टार्गेटने पुन्हा बिल्ड करावा लागतो.

२. ग्राहकाकडे काय बसले आहे ते रजिस्ट्रीत पाहावे

विंडोज फोल्डरमध्ये जाऊन 'व्ही ४.०.३०३१९' हे नाव वाचून "यांच्याकडे ४.० आहे" असा निष्कर्ष काढणारे अजूनही भेटतात. ४.० पासून ४.८.१ पर्यंत प्रत्येक आवृत्ती त्याच फोल्डरमध्ये बसते, कारण त्या एकमेकींच्या शेजारी राहत नाहीत, एकीची जागा दुसरी घेते. खरी आवृत्ती रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या सेटिंगच्या नोंदवहीत, असते. एचकी लोकल मशीन, सॉफ्टवेअर, मायक्रोसॉफ्ट, नेट फ्रेमवर्क सेटअप, एनडीपी, व्ही४, फुल या क्रमाने जाऊन 'रिलीज' हा आकडा पाहावा. तो ४६१८०८ किंवा त्याहून मोठा असेल तर ४.७.२ आहे, ५२८०४० किंवा त्याहून मोठा असेल तर ४.८ आहे. सेटअपमध्ये हीच तपासणी लिहिताना 'बरोबर' असे चिन्ह न वापरता 'इतका किंवा अधिक' असेच लिहावे, कारण एकाच आवृत्तीचा आकडा विंडोजनुसार थोडा बदलतो.

इंटरनेट नसलेल्या विंडोज ७ वर ऑफलाइन इन्स्टॉलरच न्यावा. तो सर्टिफिकेटची साखळी जुळत नसल्याचे सांगून मध्येच थांबला, तर मायक्रोसॉफ्टचे २०११ चे रूट सर्टिफिकेट आधी विश्वासार्ह रूटच्या यादीत आयात करावे आणि इन्स्टॉलर पुन्हा चालवावा.

३. ३.५ मागणारा जुना प्रोग्राम

४.८ बसवल्याने ३.५ येत नाही, २.०, ३.० आणि ३.५ यांचे इंजिन वेगळे आहे. विंडोज फीचर्समधून ३.५ सुरू करावे आणि इंटरनेट नसेल तर त्याच आवृत्तीच्या विंडोज डिस्कवरील 'एसएक्सएस' फोल्डर डीआयएसएम या विंडोजच्या आज्ञेला दाखवावा.

४. ३२-बिट की ६४-बिट

ॲक्सेसची फाइल वाचणाऱ्या किंवा काट्याच्या कंपनीने दिलेली जुनी डीएलएल वापरणाऱ्या प्रोग्रामचे प्लॅटफॉर्म टार्गेट 'एक्स८६' ठेवावे, 'एनी सीपीयू' नव्हे. ॲक्सेसची फाइल वाचणारा जेटचा जुना ड्रायव्हर फक्त ३२-बिट आहे. 'बॅड इमेज फॉरमॅट' अशी चूक दिसली, की फाइल खराब झाली असे समजून ती पुन्हा पुन्हा कॉपी करत बसू नये; ३२ आणि ६४ ची सरमिसळ झालेली असते. (काट्याचा आकडाच येत नसेल, तर बहुधा यूएसबी-सिरियल केबलचा ड्रायव्हर तपासावा लागतो, तो दोष डॉटनेटच्या माथी मारू नये.)

५. डीएलएलच्या आवृत्त्या जुळवणे

अडचण येते ती येथे, आणि मीही सर्वाधिक काळ येथेच अडकलेलो आहे. फ्रेमवर्क योग्य आहे, बिट जुळले आहेत, तरी प्रोग्राम उघडताना किंवा त्याहून वाईट म्हणजे नेमके बिल छापताना "कुड नॉट लोड फाइल ऑर असेंब्ली" असा संदेश येतो (असेंब्ली म्हणजे डॉटनेटची डीएलएल किंवा एक्सई). या संदेशाला दोन शेपट्या असू शकतात. "फाइल सापडत नाही" अशी शेपटी असेल तर डीएलएल खरोखरच पोहोचलेली नाही आणि काम सोपे आहे. "मॅनिफेस्ट डेफिनिशन जुळत नाही" अशी असेल, तर डीएलएल सापडली आहे, पण मागितलेल्या आवृत्तीची नाही. लोक पहिली ओळ वाचून संदेश बंद करतात आणि फोनवर "फाइल मिसिंग आहे" एवढेच सांगतात. ग्राहकाला संपूर्ण संदेशाचा फोटो पाठवायला सांगावा, किंवा इव्हेंट व्ह्यूअरमधील ॲप्लिकेशन लॉगमध्ये 'डॉटनेट रनटाइम' नावाने पडलेली नोंद वाचावी.

याच टप्प्यावर कोणीतरी इंटरनेटवरून ती डीएलएल उतरवून सिस्टम३२ मध्ये टाकण्याचा सल्ला देतो. तसे कधीही करू नये. डॉटनेट आपल्या असेंब्ली तेथे शोधतच नाही, शिवाय अनोळखी साइटवरची फाइल ग्राहकाच्या हिशेबाच्या संगणकावर टाकणे हा बेजबाबदारपणा आहे. शोधण्याचा क्रम ठरलेला आहे: आधी प्रोग्रामच्या कॉन्फिग (सेटिंगच्या) फाइलमधील सूचना, मग ग्लोबल असेंब्ली कॅश (संगणकावरील सर्व प्रोग्रामसाठीचा असेंब्लींचा सामाईक साठा), आणि त्यानंतर प्रोग्रामचे स्वतःचे फोल्डर. आपल्या संगणकावर प्रोग्राम बिनबोभाट चालतो त्याचे कारण बहुतेकदा हेच असते की व्हिज्युअल स्टुडिओ किंवा रिपोर्टच्या सॉफ्टवेअरने ती डीएलएल आपल्या कॅशमध्ये केव्हाच टाकून ठेवलेली असते, आणि आपण ती सेटअपमध्ये घातलेली नाही हे आपल्याला कळतही नाही.

कोणती असेंब्ली कोणी मागितली हे अंदाजाने ठरवू नये, फ्यूजन लॉग, म्हणजे असेंब्ली शोधल्याची डॉटनेटची नोंद, सुरू करावा. रजिस्ट्रीत मायक्रोसॉफ्टखाली 'फ्यूजन' या की-मध्ये 'फोर्सलॉग' आणि 'लॉगफेल्युअर्स' यांची किंमत १ करावी आणि 'लॉगपाथ'मध्ये आधीच तयार केलेल्या फोल्डरचा पत्ता शेवटच्या उलट्या तिरक्या रेघेसह लिहावा. मग प्रोग्राम पुन्हा चालवावा. लॉगमध्ये तीन गोष्टी पाहाव्यात: कोणत्या असेंब्लीने मागणी केली, कोणती आवृत्ती मागितली आणि प्रत्यक्षात कोणती सापडली. काम झाल्यावर लॉग न विसरता बंद करावा, नाहीतर संगणक मंद होतो आणि त्याचा बोलही आपल्यालाच लागतो.

आता आकडे जुळवताना एक सापळा आहे. एक्सप्लोररमध्ये डीएलएलवर राइट क्लिक करून जी आवृत्ती दिसते ती फाइलची आवृत्ती असते, आणि डॉटनेट पाहते ती असेंब्लीची आवृत्ती. दोन्ही सारख्या असतीलच असे नाही. न्यूटनसॉफ्ट जेसन या लायब्ररीचे उदाहरण घ्यावे: १३.०.१ आणि १३.०.३ या दोन्ही पॅकेजेसमधील असेंब्लीची आवृत्ती १३.०.०.० हीच आहे. त्यामुळे गुणधर्मांच्या खिडकीत दिसणारा आकडा कॉन्फिगमध्ये उतरवला, तर चूक जाण्याऐवजी नवी चूक येते. असेंब्लीची आवृत्ती आयएलस्पाय या साधनात किंवा पॉवरशेलमधून वाचावी.

समजा, रिपोर्टची एक लायब्ररी जेसनची १२.०.०.० मागते आहे आणि फोल्डरमध्ये १३.०.०.० आहे. उपाय म्हणजे बाइंडिंग रीडायरेक्ट: "०.०.०.० पासून १३.०.०.० पर्यंत कोणतीही मागितली, तरी १३.०.०.० द्यावी" अशी सूचना कॉन्फिगमध्ये लिहायची. ४.५.१ किंवा त्यापुढील टार्गेट असलेल्या प्रोग्रामसाठी व्हिज्युअल स्टुडिओ हे रीडायरेक्ट बिल्डच्या वेळी स्वतःच तयार करतो, आणि खरी गंमत येथेच आहे. आपण लिहितो ती फाइल 'ॲप डॉट कॉन्फिग' असते. बिल्ड झाल्यावर तीच प्रोग्रामच्या नावाने, 'एक्सई डॉट कॉन्फिग' अशी शेपटी लावून बाहेर येते आणि रीडायरेक्ट तिच्यात असतात. ग्राहकाकडे दुरुस्ती नेताना पेनड्राइव्हवर फक्त नवी एक्सई नेली जाते, कॉन्फिग मागे राहते, आणि कालपर्यंत चालणारा प्रोग्राम आज बंद पडतो. एक्सई बदलली की कॉन्फिगही बदलावी, हा नियम मी अपवादाशिवाय पाळतो. मूळ 'ॲप डॉट कॉन्फिग' तशीच कॉपी केली तरी उपयोग नसतो, कारण त्या नावाची फाइल प्रोग्राम वाचत नाही.

रेफरन्सच्या गुणधर्मांतील 'स्पेसिफिक व्हर्जन'ला 'फॉल्स' करा, असेही बरेच जण सुचवतात. ती खूण फक्त बिल्ड करताना पाहिली जाते. प्रोग्राम चालताना तिचा काडीचाही परिणाम होत नाही.

रीडायरेक्ट सर्व ठिकाणी चालत नाही. दोन असेंब्लींच्या पब्लिक की-चे टोकन (असेंब्लीवर सही कोणाची, हे सांगणारी खूण) वेगळे असेल, तर नाव एकच असूनही डॉटनेटच्या दृष्टीने त्या परक्या असतात आणि कितीही रीडायरेक्ट लिहिले तरी जुळत नाहीत. क्रिस्टल रिपोर्ट्स या रिपोर्टच्या सॉफ्टवेअरची लॉगफोरनेट १.२.१० (लॉग लिहिणारी लायब्ररी) हे याचे नेहमीचे उदाहरण. ती क्रिस्टलच्या स्वतःच्या की-ने सही केलेली प्रत आहे, त्यामुळे नूगेट या पॅकेजच्या साठ्यावरून लॉगफोरनेट घेऊन फोल्डरमध्ये टाकणाऱ्याचा दिवस वाया जातो. तेथे क्रिस्टलचा रनटाइम, आपल्या प्रोग्रामच्या बिटशी जुळणारा, ग्राहकाकडे बसवणे हाच मार्ग आहे. ६४-बिट विंडोजवरही प्रोग्राम 'एक्स८६' असेल तर रनटाइम ३२-बिटच लागतो.

६. नव्या डॉटनेटवर जायचे असल्यास

आतापर्यंत सांगितलेल्या डॉटनेट फ्रेमवर्कहून नवे डॉटनेट वेगळे आहे. डॉटनेट कोअर ३.० पासून, म्हणजे २०१९ पासून, विंडोज फॉर्म्स आणि डब्ल्यूपीएफ नव्या डॉटनेटवरही चालतात, आणि तेथे वेगवेगळ्या आवृत्त्या एकमेकींच्या शेजारी राहतात. म्हणून डॉटनेट ८ साठी लिहिलेला प्रोग्राम फक्त ९ बसवलेल्या संगणकावर आपोआप चालत नाही, आणि नुसता 'रनटाइम' बसवून भागत नाही, 'डेस्कटॉप रनटाइम' लागतो. हा प्रकार ग्राहकाला समजावत बसण्यापेक्षा 'सेल्फ-कंटेन्ड' पद्धतीने, म्हणजे डॉटनेट प्रोग्रामच्या फोल्डरमध्येच घालून, पब्लिश करावे. फोल्डर शंभर एमबीच्या पुढे जाते, पण ग्राहकाकडे काहीही बसवावे लागत नाही. मात्र डॉटनेट ८ आणि त्यापुढच्या आवृत्त्यांना विंडोज ७ चा आधार नाही, त्यामुळे खळ्यावरच्या त्या संगणकासाठी फ्रेमवर्क ४.७.२ चेच प्रोजेक्ट ठेवावे लागते.

७. सेटअप कोऱ्या विंडोजवर तपासावा

व्हर्च्युअल मशीनमध्ये व्हिज्युअल स्टुडिओ नसलेली कोरी विंडोज ठेवावी, तिचा स्नॅपशॉट घ्यावा आणि प्रत्येक वेळी त्या स्नॅपशॉटवर परत जाऊनच सेटअप चालवावा, कारण एकदा रनटाइम बसलेली विंडोज तपासणीसाठी निरुपयोगी होते. प्रोग्राम उघडला म्हणजे तपासणी झाली असे नाही: डॉटनेट असेंब्ली गरज पडल्यावरच लोड करते, त्यामुळे बिल छापणे, एक्सेलला पाठवणे आणि बॅकअप घेणे ही प्रत्येक कृती ॲडमिनिस्ट्रेटर नसलेल्या साध्या लॉगिनमधून एकदा करून पाहावी.