नवा अल्बम उजवा की जुना? पॉप-पंकचा वाद असा घाला

पॉप-पंक, म्हणजे पंकचा जोर आणि पॉपची गुणगुणावीशी चाल, असलं वाजवणाऱ्या बँडचा नवा अल्बम आला की चाहत्यांत दोन तट पडतातच. एकाला पूर्वीची मजा राहिली नाही असं वाटतं, दुसरा पहिल्याच दिवशी ‘यांचा आजवरचा बेस्ट’ म्हणून मोकळा होतो. मला हा वाद मनापासून आवडतो. मी ड्रम वाजवते. आमच्या कंपूत दोघं गिटारवाले आहेत, बाकीचे नुसते ऐकणारे, आणि ब्लिंक-182 या तिघांच्या अमेरिकन बँडचा विषय निघाला की कुणालाच झोप येत नाही. पण मुद्दा हातात धरून भांडलं तरच या भांडणातून काही मिळतं, म्हणून आमची पद्धत सांगते.

सगळ्यात आधी ‘जुनं’ म्हणजे नेमकं काय ते ठरवून घ्या. ग्रीन डे या बँडचंच बघा. बहुतेकांच्या लेखी जुना ग्रीन डे म्हणजे 1994चा ‘डूकी’. पण तो त्यांचा तिसरा अल्बम. आधीचे दोन ‘लुकआउट’ या छोट्या कंपनीने काढले होते, आणि बँडने ‘रिप्रीझ’ या बड्या कंपनीशी करार केल्यावर बर्कलीच्या 924 गिलमन स्ट्रीट या त्यांच्या हक्काच्या क्लबचे दरवाजे त्यांना बंद झाले. तिथल्या मंडळींसाठी ‘डूकी’ हाच बिघडलेला नवा अल्बम होता. उलट 2004च्या ‘अमेरिकन इडियट’पासून ऐकायला लागलेल्याचं जुनं तिथून सुरू होतं. तेव्हा प्रत्येकाने आपला अल्बम आणि त्याचं साल आधी सांगायचं, मगच तोंड उघडायचं.

दुसरं काम श्रेयनामावली वाचायचं. हे कुणी करत नाही आणि निम्मा वाद इथेच सुटतो. ब्लिंकच्या पहिल्या दोन अल्बमवर ड्रम स्कॉट रेनरचे आहेत. 1998मध्ये त्याच्या जागी ट्रॅव्हिस बार्कर आला. पुढच्याच वर्षीच्या ‘एनिमा ऑफ द स्टेट’पासून निर्माता, म्हणजे स्टुडिओत अल्बमचा आवाज घडवणारा, होता जेरी फिन, आणि 2001 व 2003चे अल्बमही त्यानेच केले. आपण ज्याला ‘खरा ब्लिंकचा आवाज’ म्हणतो तो बऱ्याच अंशी फिन आणि बार्कर या जोडीचा आहे. फिन 2008मध्ये वारला. 2011च्या ‘नेबरहुड्स’च्या वेळी गिटारवादक-गायक टॉम डिलाँग एका स्टुडिओत आणि उरलेले दोघे, बार्कर आणि बास वाजवणारा गायक मार्क हॉपस, दुसऱ्या शहरात रेकॉर्ड करत होते. 2016च्या ‘कॅलिफोर्निया’त टॉम नाहीच, गायला मॅट स्किबा आणि निर्माता जॉन फेल्डमन. त्या अल्बमला ‘एनिमा’च्या तागडीत घालणं मला पटत नाही, कारण गळाही वेगळा आणि हातही वेगळा. 2023च्या ‘वन मोअर टाइम’मध्ये मात्र तिघे परत आले आणि निर्मिती बार्करने केली. तिथे तुलना रंगते. ग्रीन डेच्या 2024च्या ‘सेव्हियर्स’चंही तसंच. ‘डूकी’चा निर्माता रॉब कव्हालो तिथे पुन्हा आहे, तेव्हा ते दोन अल्बम खुशाल शेजारी ठेवा.

आता ऐकायला बसा. दोन्हींचा आवाज सारखा करून घ्या, यात अजिबात आळस नको. जे जरासं मोठ्याने वाजतं ते कानाला सरस वाटतं, आणि आवाज वाढलाय हे आपल्या लक्षातही येत नाही. 1990च्या दशकात मास्टरिंग करताना, म्हणजे रेकॉर्डिंगवर शेवटचा हात फिरवताना, आवाज दाबून वर चढवण्याची चढाओढ लागली, त्यामुळे नंतरच्या सीडी त्याच बटणावर जास्त जोरात वाजतात. बऱ्याच ॲपच्या सेटिंगमध्ये सगळी गाणी एका पातळीवर आणायची सोय असते, ती चालू करा.

मग गाजलेली गाणी बाजूला ठेवा. जुन्या अल्बमची हिट गाणीच लक्षात उरतात आणि नव्याची मात्र सगळीच समोर असतात, हा अन्याय आहे. जुन्याचं नववं-दहावं गाणं लावा, लगेच नव्याचं लावा. ‘एनिमा’त 12 गाणी, ‘वन मोअर टाइम’मध्ये 17. माझ्या मते नव्यातली चार-पाच वगळली असती तर तो फार भारी अल्बम झाला असता.

वाद घालताना आमचा एकच कडक नियम आहे: जागा दाखवायची. मित्र म्हणाला, “अगं, सगळं प्लास्टिकचं वाटतंय.” मी म्हटलं, “कुठे? गाणं सांग, सेकंद सांग.” त्याने एक ध्रुवपद लावलं, तिथे आवाजाचे इतके थर चढवलेत की गाणाऱ्याचा श्वासच ऐकू येत नाही. आता बोलायला काहीतरी हातात आलं. ‘विकले गेले’ आणि ‘मॅच्युअर झाले’ हे दोन शेरे आमच्याकडे बाद.

कशाकडे कान द्यायचा, याची दोन उदाहरणं देते. ‘डूकी’तलं ‘लाँगव्ह्यू’ लावा. कडव्यांत फक्त ड्रम, बास आणि गळा असतो. गिटार ध्रुवपदाला कोसळते आणि त्या मोकळ्या जागेमुळेच अंगावर येते. नव्या अल्बममध्ये अशी मोकळी जागा आहे का, की पहिल्या सेकंदापासून भिंत उभी आहे? दुसरं, ब्लिंकच्या 2003च्या अल्बममधलं ‘फीलिंग दिस’. सुरुवातीचे ड्रम भोवऱ्यातून आल्यासारखे घुमतात, आणि शेवटी वाद्यं गळून पडतात. मार्क आणि टॉम दोन वेगळ्या ओळी एकमेकांवर गात राहतात. मी तो अल्बम त्यांचा सर्वोत्तम मानते तो अशा जागांमुळे. एका चौकटीतला बँड ती चौकट मोडतोय हे तिथे कानांनी कळतं.

बँडने वाटच बदलली असेल तर मोजपट्टीही बदला. पॅरामोर या बँडचा 2017चा ‘आफ्टर लाफ्टर’ ऐकून “2007च्या ‘रायट!’सारख्या गिटारी कुठे गेल्या?” असं विचारणं फुकट आहे, कारण त्याचे धागे 1980च्या दशकातल्या सिंथ-पॉपशी, म्हणजे सिंथेसायझरवर उभ्या पॉपशी, जुळतात. ‘रायट!’ आला तेव्हा त्यांची गायिका हेली विल्यम्स 18 वर्षांची होती. दहा वर्षांनी तिने हसऱ्या चालींत थकवा आणि निराशा गायली. चाल आणि शब्द यांतला तो ताण साधलाय का, हे विचारा. मला विचाराल तर साधलाय, आणि फार सुंदर.

निकालाची घाई करू नका. फॉल आउट बॉय या बँडच्या 2008च्या ‘फोली आ ड्यू’ची गाणी लागली की मैफलींत प्रेक्षक हुर्यो उडवायचे, पुढे त्याच अल्बमवर जीव टाकणारे चाहते तयार झाले. म्हणून आम्ही पहिल्या बैठकीत प्रत्येकाने टिकतील अशी वाटणारी तीन गाणी कागदावर लिहून ठेवतो आणि काही महिन्यांनी तो कागद काढतो. मत बदललेल्याने ज्या गाण्यामुळे ते बदललं ते आधी सगळ्यांसमोर वाजवायचं, पूर्ण ऐकू द्यायचं, आणि मगच बोलायचं.