जुनाट सायनसला लाल प्रकाश देताना

बारा आठवडे उलटूनही नाक चोंदलेलं, घशात शेंबूड उतरतोय, गाल जड आणि वास येत नाही, तर त्याला जुनाट सायनस म्हणतात. यावर मुख्य उपचार दोनच: मिठाच्या पाण्याने नाक धुणं आणि डॉक्टरांनी दिलेला स्टेरॉइड स्प्रे. प्रकाश हा जोडीचा उपाय आहे. त्याचे अभ्यास अजून थोडे आणि छोटे आहेत, म्हणून स्प्रे बंद करून दिवा लावू नका.

उपकरण घेताना तरंगलांबी पाहा. ६३० ते ६६० नॅनोमीटरचा लाल प्रकाश नाकात घालायच्या प्रोबसाठी चालतो. गालावरून द्यायचा तर ८१० ते ८५० चा इन्फ्रारेड जास्त आत जातो. गालातून प्रकाश जातो का, अशी शंका येईल. पूर्वी डॉक्टर अंधाऱ्या खोलीत डोळ्याखालच्या हाडावर टॉर्च टेकवून रुग्णाला तोंड उघडायला लावत. सायनस म्हणजे गालाच्या हाडातली पोकळी मोकळी असेल तर टाळू लालसर उजळायची, पू भरला असेल तर अंधारच. कवटीच्या मधोमध असलेल्या स्फिनॉइड सायनसपर्यंत मात्र घरगुती दिवा पोचेल अशी आशा धरू नका. अतिनील किरणांचा दिवा घरी नाकात घालायचा नाही, त्याने पेशींच्या डीएनएला इजा होते.

आधी नाक धुवा. शेंबडाचा थर तसाच असेल तर प्रोबचा प्रकाश त्यावरच पडतो, आतल्या सुजेला काहीच मिळत नाही. उकळून कोमट केलेलं २४० मिली पाणी, त्यात आयोडीन नसलेलं मीठ साधारण २ ग्रॅम आणि चिमूटभर खाण्याचा सोडा. नळाचं पाणी न उकळता वापरू नका. पाणी नीट निथळू द्या, दहा मिनिटं थांबा, मग प्रकाश द्या. स्प्रे सगळ्यात शेवटी, नळीचं टोक त्याच बाजूच्या कानाकडे वळवून. मधल्या पडद्यावर फवारला की रक्त येतं.

वेळेचा हिशोब सोपा आहे. तीव्रता २० मिलिवॅट प्रति चौरस सेंटीमीटर असेल तर ३०० सेकंदांत दर चौरस सेंटीमीटरला ६ ज्यूल ऊर्जा मिळते. ४० असेल तर तेवढ्यासाठी अडीच मिनिटं पुरतात. सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो. पुष्कळदा डब्यावरचा आकडा दिव्याला टेकून मोजलेला असतो आणि आपण दिवा वीतभर लांब धरतो. आकडा किती अंतरावरचा, ते पुस्तिकेत शोधा आणि तेवढ्याच अंतरावर धरा. परिणाम दिसत नाही म्हणून वेळ तिप्पट करू नका: ठरावीक मात्रेपुढे फायदा वाढत नाही, उलट कमी होऊ शकतो.

गालावर नाकपुडीच्या बाजूला, मग भुवईच्या वर, अशा जागा घ्या. डोळ्यांवर त्या तरंगलांबीसाठीचा गॉगल हवाच. इन्फ्रारेड दिसत नाही, त्यामुळे बाहुली आकसत नाही, पापणीही मिटत नाही. दिवा चालू आहे का ते डोळ्याने तपासू नका. मोबाइलच्या पुढच्या कॅमेऱ्यात तो बहुधा फिकट जांभळा दिसतो. प्रोब सेंटीमीटरभरच आत, जोर न लावता. दर वेळी पुसून ठेवा, दोघांत एक वापरू नका.

डॉक्सिसायक्लिन किंवा आयसोट्रेटिनॉइन चालू असेल तर आधी डॉक्टरांना विचारा, त्यांनी त्वचा प्रकाशाला हळवी होते. एकाच नाकपुडीतून दुर्गंधी स्राव येत असेल तर वरची दाढ तपासून घ्या. डोळ्याभोवती सूज, दुहेरी दिसणं, तीव्र डोकेदुखीसह ताप किंवा मान ताठणं, यांपैकी काहीही झालं तर दिवा बाजूला ठेवून त्याच दिवशी रुग्णालय गाठा.